नातेवाइकांची खोली

चैत्र लागला की आमच्या अमरावतीत कोकिळेच्या आधी कूलर बोलायला लागतात. जिन्याखालून, माळ्यावरून, न्हाणीघराच्या छतावरून ते लोखंडी धूड खाली उतरतं, त्याच्या पोटातली कोळिष्टकं निघतात, पत्र्याला रंगाचा हात बसतो आणि गल्लीतून सायकलवाला ओरडत जातो, "कूलरच्या ताट्याऽऽ! वाळा बदलून देतोऽऽ!" परवा तो आला. मी हाक मारली. त्यानं ताटी उचकटली, मागच्या वर्षीचं पिवळं पडलेलं गवत उपसायला लागला आणि मी त्याच्या डोक्याशी उभी राहून त्याच्या हातांकडे बघत राहिले. माझं ते बघणं त्याला चमत्कारिक वाटलं असावं.

"काय पायता बाई? विंचू-गिंचू नाई यात."

विंचवाची मला भीती नव्हतीच. त्याचं काम होऊन तो पैसे घेऊन गेला, नवीन वाळ्यावर पहिलं पाणी पडलं, घरभर तो ओला मातकट वास सुटला, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच ओट्याला धरून उभी राहिले. लोकांना या वासानं सुट्ट्या आठवतात, आमरस आठवतो. मला एक उन्हाळा आठवतो आणि बाहेर कढई तापलेली असताना माझ्या अंगावर काटा येतो.

बाबा गेल्यानंतरचा तो पहिला उन्हाळा. आई राजापेठेमागच्या घरात एकटी राहत होती, मी इकडे साईनगरात. तिचा कूलर लावून द्यायला म्हणून एका दुपारी मी गेले. दर वर्षी ते काम बाबा करायचे. मी पान्हा घेतला, मागची ताटी काढली. वाळलेल्या गवताच्या मागे, जाळीला टेकवून, दारूचे रिकामे पव्वे-अद्धे उभे होते. ओळीनं. शाळेत प्रार्थनेला पोरं उभी करतात तसे, लहान पुढे आणि मोठे मागे.

माझ्या मनात पहिला आला तो वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. मग दिवाळीत रंग देऊन गेलेला पेंटर. मग नळवाला. बाबांचा तर प्रश्नच नव्हता. आमचे बाबा पोस्टात होते आणि निर्व्यसनी या शब्दाला शोभतील त्याहून जरा जास्तच निर्व्यसनी होते. होमिओपॅथीच्या गोळ्यांत स्पिरिट असतं असं कुणीतरी सांगितलं, तर त्या गोळ्या कागदावर उन्हात पसरून ठेवायचे आणि वास गेला की मगच जिभेवर घ्यायचे. लग्नाच्या वरातीत कुणी झिंगून नाचताना दिसला की ते जेवायचे नाहीत, तसेच परत यायचे, आणि आम्ही पोरं त्यांच्या मागून उपाशी.

मी मनातल्या मनात पेंटरला शिव्या घालत होते, तेवढ्यात आई मागून म्हणाली, "राहू दे थे. मी देईन फेकून."

आवाज चढवून नाही, रडून नाही. पोरांनी फळा अर्धवट पुसला तर "राहू दे, मी पुसते" म्हणावं, तसं. मी वळून पाहिलं. खळ दिलेली सुती साडी, नीट घातलेला अंबाडा, सारा जन्म पहिली-दुसरीच्या वर्गावर काढलेली बाई. अर्ध्या अमरावतीनं जिच्याकडून पाटीवर पहिलं अक्षर गिरवून घेतलं ती माझी आई माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हती, पान्ह्याकडे बघत होती.

मला राग आला नाही. रडूही आलं नाही. मी ती ताटी उचलली आणि होती तशी परत लावून टाकली. धक्का बसलेली माणसं काय करतील याचा नेम नसतो.

पुढच्याच आठवड्यात आईला रक्ताची उलटी झाली. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले, चष्मा काढला आणि विचारलं, "घरात घेतं कोण?" विचारताना त्यांची नजर सरळ माझ्या नवऱ्यावर. माझा नवरा बिचारा ताक प्यायलं तरी सर्दी होणारा. तो खुर्चीतल्या खुर्चीत चोर झाला. मग डॉक्टर माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "वडील घ्यायचे का? कधीकधी बायका टेन्शनमध्ये जेवत नाहीत, मग लिव्हरवर..." आई कॉटवर डोळे मिटून पडली होती. शेवटी मीच मान खाली घालून सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा परत घातला आणि माझ्याशी बोलायचं ते एकच वाक्य बोलले, की आता थांबल्या तर वाचतील, नाही तर पुढचा उन्हाळा काही बघत नाहीत.

थांबायचं कसं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. आमच्याकडे थांबवण्याचे मार्ग काही कमी नाहीत. देवीपुढे शपथ घ्या, अमक्या गावचं औषध आणून त्याच्या नकळत वरणात कालवा, तमक्या बाबाचा अंगारा. मी ऐकलेल्या सगळ्या उपायांमध्ये पिणारा पुरुष होता आणि वरण वाढणारी बाई. वरण वाढणारीच पीत असेल तर कालवायचं कुणी, हे कुणी सांगून ठेवलेलं नव्हतं.

बस स्टँडवर, पाण्याच्या टाकीच्या बाजूला, एक चिटोरं चिकटवलेलं मी कधीतरी पाहिलं होतं. दारू सोडायची आहे? आणि खाली फोन नंबर. मी मुद्दाम तिथे गेले, इकडेतिकडे बघून त्याचा फोटो काढला आणि घरी येऊन गच्चीवर जाऊन फोन लावला. समोरचा माणूस फार साधा बोलला.

"मिस्टर का भाऊ?"

मी म्हटलं, "जवळचं माणूस आहे."

"बरं. घेऊन या. नाई आले थे, तर तुमी या. नातेवाइकांची बी मिटिंग असते." अमरावतीतल्या मिटिंगची जागा त्यानं सांगितली. त्या इमारतीचा चौकीदारसुद्धा आईचा विद्यार्थी होता. आईची पोरं कुठे नाहीत? भाजीच्या गाडीवर आहेत, कोर्टात आहेत, पोलीस चौकीत आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी विचारलं, "अकोल्याला असते का हो?"

तो मनापासून हसला. "असते नं. अकोल्याचे लोक लाजीकाजी अमरावतीले येतात, अन् तुमी तिकडं चालल्या. या रविवारी पायजा, मूर्तिजापूरच्या स्टँडवर दोन्ही बसा क्रॉस होतात."

आणि खरंच, त्यानंतर दर रविवारी मूर्तिजापूरला आमची गाडी थांबली की समोरून येणाऱ्या गाडीच्या खिडक्यांमधली तोंडं मी न्याहाळायची. दुपट्ट्यानं डोकं-तोंड बांधलेल्या बायका, शेजारी मान खाली घातलेला एखादा पुरुष. उन्हासाठी बांधलंय की लाजेसाठी, ते कळायला मार्ग नव्हता. वऱ्हाडातला उन्हाळा या बाबतीत दयाळू आहे, तोंड झाकलं तर कुणी का म्हणून विचारत नाही.

आई कशी तयार झाली? तिला मी डॉक्टरांचं वाक्य सांगितलं. ती म्हणाली, "अकोल्याले येईन. इथी नाई." तेवढंच. मला वाटलं, जिंकलं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी जमीन, भेगा पडलेली. बांधांवर कापसाच्या पऱ्हाटीचे वाळके ढीग. कुठे हिरवं म्हणून काही नाही, फक्त कडुलिंब तेवढे पोपटी झालेले, आणि त्यांच्या मोहोराचा कडवट गोड वास गरम वाऱ्याबरोबर खिडकीतून आत येऊन नाकाला चटका देऊन जायचा. आई खिडकीशी बसायची. पर्समध्ये ऊन लागू नये म्हणून कांदा, हातात पाण्याची बाटली. त्या बाटलीत पाणीच आहे ना, हे मी पहिल्या दिवशी बघितलं नाही. दुसऱ्या रविवारपासून तहान लागल्याचं सोंग करून आधी मी एक घोट घ्यायची.

अकोल्यात ऊन मी म्हणत होतं. एका शाळेच्या दोन वर्गखोल्या रविवार सकाळपुरत्या मिटिंगला दिलेल्या होत्या. दाराशी एक पांढऱ्या मिशांचे काका उभे होते. त्यांनी आम्हा दोघींकडे पाहिलं, चेहऱ्यावर कणव आणली आणि उजवीकडच्या खोलीकडे हात केला. "नातेवाइकांची तिकडं, ताई. पिणाऱ्यांची इकडं." त्यांनी काही विचारलं नाही, आणि त्यांचं चुकलं असंही म्हणता येत नाही. डावीकडच्या खोलीत सगळे पुरुष होते, उजवीकडे सगळ्या बायका. लग्नाच्या पंगतीत सुद्धा इतकी चोख वाटणी होत नाही.

मी आईकडे पाहिलं. ती उजवीकडे वळली होती. मी तिच्या मागे गेले. मला वाटलं, पहिला दिवस आहे, बसू दे.

पहिलीच्या वर्गाचे ते बुटके बाक. गुडघे हनुवटीशी येत होते सगळ्यांचे. आयुष्यभर टेबलामागे उभी राहिलेली आई पोरांच्या बाकावर अंग चोरून बसली. समोर नफीसा आपा होत्या. साठीच्या, ठेंगण्या, डोक्यावरून पदर. त्यांचा नवरा फार वर्षांपूर्वी दारूतून सुटलेला, तोच पलीकडच्या खोलीतली मिटिंग चालवायचा, आणि आपा इकडची. "बैठो बेटा," त्या म्हणाल्या, "यहाँ कोई किसी को सलाह नई देता. जो सुना वो यहीं छोड़ के जाने का. बस."

खोलीत एकच कूलर, खिडकीत बसवलेला, पीठगिरणीसारखा आवाज करणारा. कुणी बोलायला उठलं की आपा तो बंद करायच्या. मग बोलणारीचं बोलणं संपेपर्यंत सगळ्यांनी घामानं निथळायचं. कुणी वारा घालायलाही कागद हलवायचं नाही. माणसाचं ऐकून घेणं म्हणजे काय, हे मी अकोल्याच्या त्या मे महिन्यात शिकले. पाठीवरून घाम ओघळायचा आणि समोरची बाई सांगायची की आपल्या नवऱ्यानं देव्हाऱ्यातली समई विकली.

कूलर बंद झाला की दुसरीही एक गोष्ट ऐकू यायची. पलीकडच्या खोलीतलं हसणं. खदखदून, मांड्यांवर थापा मारून. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हबकलेच. भिंतीच्या या बाजूला बायका पदरानं डोळे पुसत होत्या आणि त्या बाजूला त्यांचे दारुडे हसत होते.

पहिल्या दिवशी आई काही बोलली नाही. दुसऱ्या रविवारी आपांनी तिच्याकडे पाहून नुसती मान हलवली, कूलर बंद केला, आणि आई उभी राहिली. शाळेतल्या सवयीनं पदर खोचून. म्हणाली, "आमचे हे घेत होते."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"फार घेत होते. लपवून. बाटल्या कुठे ठेवाव्यात, तर कूलरमध्ये. गवताच्या मागे." स्वच्छ, शाळेतलं मराठी. एकेक वाक्य सुटं. "सकाळी तोंड धुण्याच्या आधी लागायची. नातीच्या वाढदिवसाला सगळे वाट बघत राहिले. पाय मुरगळला म्हणून सांगितलं यांनी. पाय मुरगळलेला नव्हता."

बायका च्च च्च करत होत्या. आमचे हे! माझे बाबा! होमिओपॅथीच्या गोळ्या उन्हात वाळवणारा माझा बाप अकोल्याच्या त्या शाळेत, सगळ्यांसमोर, दारुडा झाला होता आणि मी बाकाची कड धरून बसले होते. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ऐकायच्या असतील तर आपल्या आईच्या तोंडून ऐकाव्यात. शेजारची सुनीता नावाची मुलगी, बोरगाव मंजूची, पंचविशीची असेल नसेल, तिनं माझा हात दाबला. बाप जायच्या आधीच मी पोरकी होते असं तिला वाटलं असणार.

परतीच्या गाडीत मी फुटले. आजूबाजूला माणसं होती म्हणून दातओठ खाऊन, हळू आवाजात. "बाबांचं नाव कशाला घेतलं?"

आई बाहेर बघत होती. "त्याचं आता काय बिगडते? मेलेल्या माणसाले कोन काय म्हनते?"

"अगं, आयुष्यात थेंब नाही घेतला त्यांनी!"

"माहीत आहे मले. सारी जिनगी सोबत काढली मी त्याच्या, तू नाई." मग थोड्या वेळानं, खिडकीच्या गजावर कपाळ टेकवून, "जितेपनी काई कमी नाई पडू देल्लं त्यानं. आता नाव बी देईन थो."

घरी आल्यावर रात्रभर वाक्यं जुळवत बसले. प्रत्येक वाक्यातून बाबांना उठवायचं आणि तिथे आईला बसवायचं. नातीच्या वाढदिवसाला कोण आलं नव्हतं? आई. पाय कुणाचा मुरगळला होता? आईचा. मीच हळद गरम करून लावली होती त्या पायाला.

मग दर रविवारी तेच. आई बाबांना घेऊन उभी राहायची आणि मला माझी आई कळत जायची. बाबा लकव्यानं पडले होते तेव्हा रात्र रात्र जागून तिच्या छातीत कफ झाला. कुणीतरी ब्रँडी चमचाभर घ्या म्हणालं. ती चमचाभर ब्रँडी. हे तिनं अर्थात बाबांच्या नावावर सांगितलं, पण लकव्याचा माणूस बाटली उघडत नाही एवढं मला कळत होतं. एका रविवारी म्हणाली, "यांच्यासाठी मलाच आणायला जावं लागायचं. अमरावतीत ओळखीचे फार. म्हणून एसटीनं चांदूर रेल्वेला जायची. दुकानदार म्हणायचा, मावशी, तुम्ही कशाला येता, त्यांनाच पाठवा. मी म्हणायची, त्यांना चालवत नाही."

मी गारठले. घामानं ब्लाउज भिजलेला आणि मी आतून गारठलेली. म्हणजे हे नाव तिनं अकोल्यात येऊन शोधलेलं नव्हतं. दारूच्या दुकानाच्या खिडकीशी, पदर डोक्यावर घेऊन, ती पहिल्या दिवसापासून बाबांच्या नावानं उभी होती. घरी बाबा कॉटवर, त्यांना खरोखरच चालवत नव्हतं, आणि इकडे त्यांच्या नावावर माल उचलला जात होता. प्यायला पूर्वेकडे चांदूर, सोडायला पश्चिमेकडे अकोला. मधे अमरावतीत मात्र आमची मॅडम जशीच्या तशी.

आणि सोडणं तरी कुठलं? बोलून आल्यावर तिला हलकं वाटायचं. रविवारची रात्र बरी जायची. सोमवारी-मंगळवारी मी गेले की दारात वेलदोड्याचा वास यायचा. वेलदोडा कशाला खाल्लाय हे विचारायचं धैर्य मला नव्हतं. तिचे पाय सुजले होते, डोळ्यांत पिवळेपणा उतरला होता. दर वर्षी गच्चीवर वाळवणं पसरायची, त्या वर्षी गच्ची मोकळी होती. मला दिसत होतं की ती चुकीच्या खोलीत बसून मरते आहे. त्या खोलीत बाबांच्या दारूवर सगळं होतं, तिच्या दारूवर काही नव्हतं. मी उठून खरं सांगावं तर तिचा पाणउतारा, न सांगावं तर तिचा जीव. आपांना बाजूला घेऊन सांगावं असं मी प्रत्येक वेळी ठरवायची, आणि आपा चहाचा कप पुढे करून म्हणायच्या, "तुम्हारी अम्मी बहुत सच्ची बात करती." मग माझे शब्द चहाबरोबर खाली जायचे.

रोहिणी नक्षत्र लागलं होतं. उकाडा असा की कावळेसुद्धा चोच उघडी टाकून बसलेले. त्या रविवारी आई बाबांच्या शेवटच्या दिवसांबद्दल बोलत होती. शेवटी पाणी चमच्यानं द्यावं लागायचं, कूस बदलून द्यावी लागायची, पाठीला जखमा झाल्या होत्या, हे सगळं. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. ती खाली बसली, आपा कूलर सुरू करायला उठल्या, आणि सुनीता अगदी कळवळून बोलून गेली, "बरं झालं मावशी, मेला थो. सुटल्या तुमी."

आपांचा हात बटणावर तसाच राहिला.

आई उठली. मी तिला वर्गात चिडलेली पाहिलंय, घरात चिडलेली पाहिलंय. ही ती नव्हती. तिचे ओठ पांढरे पडले होते. "काय म्हनली तू?"

सुनीता घाबरली. "मी... तुमच्यासाठीच म्हनलं मावशी. इतका तरास देल्ला त्यानं..."

"त्यानं?" आईचा आवाज फाटला. शाळेतलं मराठी कुठल्या कुठे गेलं. "त्यानं तरास नाई देल्ला मले. कधीच नाई. देवमानूस होता थो. त्याच्या नखाची सर नाई कोनाले. थो पेत नव्हता, समजली? पेनारी मी आहो. मी!"

कूलर बंद होता. मी खाली बघत होते. फरशीवर खडूनं कुणा पोरानं काढलेला आगगाडीचा डबा होता, तो मी बघत होते.

"म्हंजे," सुनीता हळूहळू म्हणाली, "तुमी आमच्यात बसून... आमचं आयकून..." तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते दुःखाचं नव्हतं. फसवलं गेल्याचं होतं. एवढे रविवार तिनं आईजवळ जे सांगितलं ते तिनं शत्रूच्या घरात सांगितलं होतं. मला वाटलं, आता ही आईच्या अंगावर जाणार. आपांनाही वाटलं असावं, त्या पुढे झाल्या. पण सुनीता जागची हलली नाही. आईकडे बघत राहिली, आणि तिनं जे विचारलं ते मला अजून झोपेत ऐकू येतं.

"मंग तुमीच सांगा मले. पोरगी तापानं फनफनली होती. औषध आनतो म्हनून थो गेला. दुसऱ्या दिवशी आला. त्याले काय पोरगी दिसली नसन?"

सलाह देऊ नये, प्रश्न विचारू नये, सगळे नियम मोडले होते. आपांनी मोडू दिले. त्या खोलीतल्या प्रत्येक बाईला हाच प्रश्न होता आणि उत्तर देईल असं माणूस आजवर त्या भिंतीच्या अलीकडे कधी आलं नव्हतं.

आई बाकावर बसली. बसली म्हणजे पडलीच. "दिसली असन," ती म्हणाली. "दिसते वं बाई. सगळं दिसते. पोरगी दिसते, ताप दिसते, तू दारात उभी आहेस थे बी दिसते. दिसत नाई असं नोको समजू." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "हे माही पोरगी. हिचं ऑपरेशन होतं माघ महिन्यात. मी बीपी वाढला म्हनून कळवलं. बीपी नाई वाढला होता. घरून निघाली मी. डबा घेऊन ऑटोत बसली. दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेली. फाटकातून वापस आली."

माझी गर्भाची पिशवी काढली होती तेव्हा. भूल उतरत असताना मी आईला हाका मारत होते असं माझा नवरा नंतर हसत सांगायचा. आणि ती फाटकाशी होती. डबा घेऊन.

"काहून?" सुनीतानं विचारलं. माझ्याच तोंडचा शब्द.

"थे समजलं असतं त मी इथी कायले आली असती?" आई म्हणाली.

नफीसा आपांनी तिचा हात धरून उठवलं आणि दाराबाहेर नेलं. पलीकडच्या दाराशी ते मिशीवाले काका आडवे आले. "ताई, नातेवाइकांची तिकडं आहे." आपा त्यांच्यावर अशा काही करवादल्या, "मालूम है मेरे को! ये अपने खुद के लिए आई है, हटो!" की काका भिंतीला चिकटले. मीही पर्स उचलून मागे धावले. आईनं दारातून वळून पाहिलं.

"तू कुठी चालली?"

"तुझ्यासोबत."

"नोको. तू तिथीच बस. तुही खोली थे आहे."

आणि ती आत गेली. आत गप्पा एकदम थांबल्या, खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, आणि कुणीतरी म्हणालं, "या मॅडम." मी दचकले. मॅडम! अकोल्यातसुद्धा तिचा कुणीतरी विद्यार्थी निघालाच होता.

त्या दिवसापासून आईनं थेंब घेतला नाही असं लिहायला मला आवडलं असतं. लेख गोड झाला असता. ती त्या पावसाळ्यात घसरली, दिवाळीच्या आसपास पुन्हा घसरली, आणि दोन्ही वेळा तिनं स्वतःच मला फोन करून सांगितलं. त्यानंतर मात्र नाही, म्हणजे आजवर नाही. उद्याचं आम्ही कुणीच बोलत नाही. डॉक्टर जो उन्हाळा बघणार नाही म्हणाले होते तो तिनं बघितला, त्याच्या पुढचेही. आता एकटी जाते अकोल्याला. तिच्या खोलीत अजूनही ती एकटीच बाई आहे, आणि मीही सोबत जायची तेव्हा एकदा त्या पुरुषांच्या गडगडाटी हसण्यात मला एक ओळखीचं हसणं ऐकू आलं, बाबा गेल्यापासून न ऐकलेलं, तेव्हा मी अलीकडच्या खोलीत बोलता बोलता थांबले. धक्के सगळे वाईटच असतात असं नाही.

बाबांचं नावही तिनं धुऊन काढलं. पुढच्याच रविवारी उजवीकडच्या खोलीत येऊन, उभी राहून, एकेकीला सांगितलं. सुनीता त्या दिवशी तिच्याशी बोलली नाही. त्याच्या पुढच्या रविवारी तिनं आईला विचारलं, मावशी, माझ्या नवऱ्याशी बोलाल का?

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी मी पर्स छातीशी धरून दाराजवळ उभी होते. माझी खोली ती आहे, असं आई सांगून गेली होती. इतके आठवडे मी तिथे सोबत म्हणून बसत होते. म्हाताऱ्या आईला एकटीनं कसं पाठवायचं, म्हणून आलेली मुलगी. बाकीच्यांची दुःखं ऐकून घ्यायची, हात दाबून घ्यायचा, चहा प्यायचा. मला कुणी कधी बोलायला सांगितलं नव्हतं आणि माझंही तिथे काही सांगण्यासारखं आहे हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

आपा परत आल्या. त्यांनी मला काही विचारलं नाही. फक्त स्वतः बसल्या, पदरानं गळ्याचा घाम पुसला आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, "मी काय बोलू? मी तर नुसती..." कुणी पुढे काय म्हणूनही विचारलं नाही. घाम गाळत त्या वाट बघत राहिल्या.

मी म्हटलं, "माझी आई दारू पिते."

हे वाक्य मी त्या गाडीत, दर रविवारी, मूर्तिजापूरपासून अकोल्यापर्यंत मनात म्हणून पाहिलेलं होतं. ते सरळ निघालं. त्याच्यामागून जे आलं ते मात्र मी कधीच म्हणून पाहिलं नव्हतं.

"आणि मला तिचा राग येतो. खूप राग येतो."

ते मलाही तेव्हाच कळलं.